गुडघे ६०, रुग्ण मात्र ३०

आयुर्वेदीय संशोधनपर लेखांत ‘संधिगत वाताचे ३० रुग्ण, ६० गुडघे’ अशी मांडणी आढळते आणि पुढील सारे गणित ६० या संख्येवर उभे राहते. आमच्या मते ही पद्धत आपल्या शास्त्राच्या विश्वासार्हतेस बाधक आहे. एकाच रुग्णाच्या दोन्ही गुडघ्यांची प्रकृती, वय, देहभार व आहार-विहार समान असल्याने त्यांची निरीक्षणे परस्परसंबद्ध असतात. हा सहसंबंध ०.६ धरला व दोन्ही गुडघ्यांस एकच चिकित्सा दिली, तर ६० गुडघ्यांचे मोल सुमारे ३८ स्वतंत्र निरीक्षणांइतकेच उरते.

मात्र सहसंबंध सर्वत्र घातक नसतो. जानुबस्तीसारख्या स्थानिक उपक्रमात कोणत्या गुडघ्यास कोणते तेल हे चिठ्ठी टाकून ठरविल्यास तुलना एकाच रुग्णात होते आणि तोच सहसंबंध उपकारक ठरतो. पोटात घ्यावयाच्या औषधाबाबत हे शक्य नाही. तेथे रुग्ण हेच एकक मानावे. एकाच रुग्णास आलटून-पालटून दोन चिकित्सा देण्याची पद्धतही शोधनाच्या अभ्यासास अयोग्य होय. विरेचनानंतर रुग्ण मूळ अवस्थेत परतेल, असे गृहीत धरता येत नाही.

सामूहिक अभ्यासातही हेच तत्त्व लागू पडते. १० वैद्यांकडे प्रत्येकी २० रुग्ण असून चिकित्सा चिकित्सालयनिहाय ठरविली, तर सहसंबंध अवघा ०.०५ असला तरी २०० रुग्ण सुमारे १०३ रुग्णांइतकीच माहिती देतात. म्हणून शक्य तेथे प्रत्येक चिकित्सालयात दोन्ही गट ठेवावेत.

औषधनिर्मात्यांनीही हे ध्यानी घ्यावे. एकाच बॅचमधील ३० वट्या तपासल्याने ती बॅच कळते, निर्मितीप्रक्रियेतील सातत्य कळत नाही. त्यासाठी १० बॅचमधील प्रत्येकी ३ वट्या अधिक उपयुक्त ठरतात.

चरकाचार्यांनी युक्तीस परीक्षेचे साधन मानले आहे. अनेक कारणांचा एकत्रित विचार करणारी ती बुद्धी अभ्यासाच्या आरंभीच वापरावयास हवी. चिकित्सा-चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही २००७ पासून उपलब्ध आहे. तेथे नोंद करण्यापूर्वीच संख्याशास्त्रज्ञाशी विचारविनिमय करून एकक निश्चित करावे आणि ते लेखात स्पष्ट नमूद करावे, अशी आमची सर्व वैद्यबंधु-भगिनींना नम्र सूचना आहे. सदोष रचनेची भरपाई नंतरच्या आकडेमोडीने होत नाही.