पावतीवर कुणाचं नाव?

परवा नातीला कॉलेजचा ऑनलाइन फॉर्म भरताना पाहत होते आणि माझा फॉर्म आठवला. साल १९६८. आमचा मालवण तालुका तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होता. कोल्हापूरला मामाकडे राहून मी बी.ए. केलं. वडील मुंबईला गिरणीत. मनीऑर्डर कधी यायची, कधी नाही. फी भरली ती आईनं. उन्हाळाभर रातांबे फोडायचे, सालं रसात भिजवून पुन्हा पुन्हा वाळवायची आणि आमसुलं विकून आलेले पैसे डब्यात टाकायचे. फॉर्मवर 'खर्च करणाऱ्या पालकाचे नाव' असा रकाना होता. मी वडिलांचं नाव लिहिलं, माझ्याच हातानं. आईला सांगितलं तर म्हणाली, "माझा नाव कित्याक व्हया? फी भरली ना, झाला!"

मंडळी, हे आठवायला कारण आहे. आपल्याकडे विद्यापीठांना बायकांची नावं आहेत. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी देऊ केली आणि विद्यापीठाला आपल्या आईचं, नाथीबाईंचं नाव दिलं. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवरही प्रेमचंद रायचंद यांच्या आईच्या नावाचा. मुलांनी आयांची आठवण ठेवली, त्यांना नमस्कारच आहे. पण पैसा मुलांचा होता.

आणि ज्यांनी स्वतः झोळी फिरवली त्या? देवरूखच्या पार्वतीबाई आठवले, बाया कर्व्यांची सख्खी बहीण. विसाव्या वर्षी वैधव्य आलं. पुढे कर्व्यांच्या संस्थेसाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या. १९१८ साली अमेरिकेला गेल्या, तिथं लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. 'माझी कहाणी' या पुस्तकात त्यांनी हे लिहून ठेवलंय. किती जणांनी वाचलंय?

कुणी म्हणेल, दान गुप्तच असावं. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये. अमेरिकेतल्या रूथ गॉट्समन बाईंनी २०२४ साली न्यूयॉर्कच्या वैद्यकीय महाविद्यालयाला शंभर कोटी डॉलर दिले, तिथली फीच माफ झाली, आणि कॉलेजला माझं नाव देऊ नका म्हणाल्या. मोठं मन! पण नाव नको असं स्वतः म्हणणं वेगळं आणि नाव कुणी विचारलंच नाही हे वेगळं. त्याच देशातल्या ओसिओला मॅकार्टी या धोबीणबाईंनी आयुष्यभर कपडे धुऊन साठवलेल्या पैशांतून १९९५ साली दीड लाख डॉलर विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी दिले. त्यांचं नाव लोकांना कळलं म्हणून तर मला मालवणात बसून कळलं. कपडे धुणारी बाई विद्यापीठाला पैसे देऊ शकते हे एखाद्या मुलीनं वाचलं, तर तिला आपल्या आईच्या कष्टाची किंमत कळेल.

माझ्या पिढीत निदान काही जणींची पेन्शन स्वतःच्या खात्यावर जमा होते. तरीही देणगी देताना आम्ही नवऱ्याचं नाव सांगतो. मीही सांगितलंय.

आता ठरवलंय. येत्या जूनपासून दर वर्षी आपल्या भागातल्या एका मुलीची कॉलेजची फी आणि एसटीचा पास माझ्या पेन्शनमधून. चिरंजीव म्हणाले, "बाबांच्या नावानं दे ना." बाळा, बाबांची आठवण मला तुझ्याइतकीच आहे, पण हे पैसे मी चौतीस वर्षं खडू झिजवून मिळवलेत. पावतीवर देणार म्हणून माझं नाव राहील आणि स्मरणार्थ म्हणून तुझ्या आजीचं. तिला नाव नको होतं हे खरं. पण तो रकाना चुकीचा भरला होता मी, तो दुरुस्त करायला नको का?

घरच्यांनी हे इथंच वाचावं, फोनवर वाद नको. आणि मैत्रिणींनो, तुमच्या पावत्या काढून बघा बरं, कुणाचं नाव आहे त्यावर?