ताट एकाचं, टेबल चौघांचं

जपानमधल्या फुकुओका शहरातून पसरलेल्या 'इचिरान' या रामेनच्या दुकानांत गिऱ्हाईक बसतं ते दोन्ही बाजूंना फळ्या असलेल्या एका माणसापुरत्या खणात. लसूण किती, तिखट किती, शेवया कितपत कडक, हे कागदावर खुणा करून कळवायचं. समोरचा बांबूचा पडदा वर जातो, डुकराच्या हाडांच्या दाट रश्शातल्या शेवयांचा वाडगा पुढ्यात येतो, वाढणारा वाकून नमस्कार करतो आणि पडदा खाली पडतो. एकाकीपणाचा बाजार मांडलाय, अशी टीका यावर सहज करता येते. मला त्यात एकट्या माणसाचा मान दिसतो. रश्शातल्या शेवया थांबल्या की फुगतात, त्या गरम असतानाच संपवायच्या असतात आणि वाडगा एकाचाच असतो. दुकानाने बैठकही त्याच मापाची केली, एवढंच.

आपल्याकडे नेमकं इथेच अडतं. रत्नागिरीत माशाची थाळी मागवली की भात, कालवण, तळलेली तुकडी, सोलकढी हे सगळं एका माणसाच्या हिशेबाने येतं. टेबल मात्र चौघांचं. कोर्टाची तारीख, जिल्हा परिषदेतलं काम, दवाखान्यात ठेवलेला पेशंट यांपायी खेड्यांतून आलेली माणसं, शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातले विद्यार्थी, बदलीवर आलेले कर्मचारी, ही रोज बाहेर जेवणारी माणसं बहुतेक एकटीच असतात. पुरुषाला कोणाच्या तरी टेबलावर सरकवून घेतात. बाईला 'फॅमिली'कडे बोट दाखवतात, म्हणजे जिच्याबरोबर फॅमिली नाही तिलाच तिथे बसवतात. इचिरानची फळी सर्वांना सारखी. आपला आडोसा फक्त बाईसाठी. हा फरक मला फार मोठा वाटतो.

एकट्यासाठी वेगळी जागा असावी म्हटलं की पहिला आक्षेप संस्कृतीचा: पंगत ही आपली रीत, एकट्याने जेवणं हे दुर्दैव. पंगतीचं मोल रत्नागिरीला कोणी सांगायला नको. सावरकरांच्या इथल्या वास्तव्यात, 1931 साली भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं पतितपावन मंदिर उघडलं आणि जातीची बंधनं मोडणारी सहभोजनं झाली. पण जातिबंधनं मोडण्याच्या त्याच चळवळीतून 1933 साली अखिल हिंदू उपाहारगृहही निघालं, याचा विसर पडतो. सहभोजन ठरवून होतं, त्याला आमंत्रण लागतं, वेळ लागते. उपाहारगृहात कोणीही कोणत्याही दिवशी, बरोबर कोणी नसताना शिरू शकतो आणि त्याला जात न विचारता चहा मिळतो. रोजच्या जगण्यात हा दुसरा हक्क अधिक वेळा लागतो. शिवाय याच जिल्ह्यातून मुंबईच्या गिरणगावात गेलेले हजारो चाकरमानी घरच्या पंगतीपासून दूर, खानावळवाल्या बायकांच्या हातचं जेवून जगले. त्या बायकांना प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. एकट्याचं जेवण आपल्याला नवं नाही. त्याला आपण प्रतिष्ठा दिली नाही. आणि इचिरानमध्येही एकटं बसण्याची सक्ती नाही: मधली फळी दुमडता येते, सोबत असलेल्यांनी सोबत जेवावं म्हणून.

दुसरा आक्षेप मालकांचा, आणि तो खरा आहे: ऐन गर्दीत एका माणसाने चौघांची जागा अडवली तर धंदा बसतो. पण मग उपायही त्यातच आहे. भिंतीला लावलेली हातभर रुंदीची फळी आणि चार-सहा स्टुलं यांना टेबलापेक्षा कमीच जागा लागते, आणि एकटं गिऱ्हाईक जेवून लवकर उठतं. त्या फळीवर पहिला मान मी शिरवाळ्यांना देईन. तांदळाच्या उकडीचे गोळे शिजवून, गरम असतानाच लाकडी साच्यातून दाबायचे, आणि गूळ-वेलची घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खायच्या, अशा या कोकणच्या शेवया. साचा दाबायला जोर लागतो, दुसरा हात मदतीला लागतो. खोलीवर एकट्या राहणाऱ्या माणसाला त्या घरी करता येत नाहीत, म्हणून निदान विकत तरी मिळाव्यात: एक वाटी रस, एका माणसापुरत्या शिरवाळ्या, आणि बसायला जागा, पुरुषालाही आणि बाईलाही, हॉलच्या दर्शनी बाजूला.