संगणकाचे जाळे आणि आपली पोरे



ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. तिजोरी फुटली नाही की कुलूप तुटले नाही. एटीएम यंत्र पैसे देण्याआधी बँकेच्या मुख्य संगणकाला विचारते, "देऊ का?" चोरांनी मधल्या वाटेवर आपलाच संगणक बसविला, तो "दे, दे" म्हणत राहिला. २८ देशांतून पैसे निघाले. पाटकऱ्याच्या जागी चोरच दारे धरायला बसला म्हणा ना!

ज्या पोराला पाट, चारी, सरी कळते, त्याला हे जाळे कळायला अवघड नाही. पण पुष्कळ हायस्कुलांत संगणकाचा तास म्हणजे नुसते टायपिंग. इकडे ऊसबिल खात्यावर, खाते मोबाईलला जोडलेले अन् मोबाईल पोराच्या हातात. 'पीएम-किसान'च्या नावाने व्हॉट्सॲपवर खोटी ॲप येतात. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो. फसलो तर तात्काळ १९३० ला फोन करायचा, एवढे तरी घरात कुणाला ठाऊक हवे की नको?

"मोबाईलने पोरे आधीच बिघडली," असे म्हणणारे भेटतात. मळ्यात विहीर आहे म्हणून आपण पोरांना पोहायला शिकवतोच ना?

आठवी-नववीला आठवड्याला एक तास पुरे. शिकवायला जळगावच्या विद्यापीठातले संगणकाचे विद्यार्थी बोलवावेत, जाण्यायेण्याचा खर्च कारखान्याने सोसावा. वार्षिक सभेत तसा ठराव मांडायचा आहे. सूचक-अनुमोदकांनी आपापल्या गट ऑफिसात नावे द्यावीत.