शॉर्ट सेलच्या नावावर लिलाव खपवणारे

मालमत्तेतल्या गुंतवणुकीवर व्याख्यानं देत हिंडणाऱ्या एका गृहस्थांनी अलीकडे नवा मंत्र काढला आहे : अमेरिकेत जसा शॉर्ट सेल, तसा आपल्याकडे बँकेचा लिलाव. तिथली शहाणी माणसं अडलेल्यांची घरं स्वस्तात घेऊन श्रीमंत झाली आणि आपण मात्र बिल्डरच्या दारात रांग लावून बसलो. वर्तमानपत्रातली जाहिरात वाचा, इसारा रक्कम भरा, संगणकावर बोली लावा; बाजारभावाच्या तीस टक्के खाली फ्लॅट तुमचा. विकणारी बँक, म्हणजे कागदपत्रं चोखच. बँकेचे पैसे वसूल होतात, कर्जदार मोकळा होतो आणि तुमचंही भलं होतं. त्यांच्या तीन तासांचा ऐवज मी सहा-सात वाक्यांत संपवला हे खरं, पण गाळलेला भाग बहुतेक टाळ्यांचाच होता.

आधी शॉर्ट सेल म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेत एखाद्याच्या घरावर चार लाख डॉलर कर्ज आहे आणि बाजारात घराला तीनच लाख येतात. हप्ते झेपत नाहीत. मग तो मालक स्वतः गिऱ्हाईक शोधतो, आपली अडचण सांगणारं पत्र आणि मिळकतीचे कागद बँकेपुढे ठेवतो आणि बँक तीन लाखांवर बोजा उतरवायला राजी झाली, तर सौदा होतो. घरावर दुसरं कर्ज असेल तर त्या सावकाराचीही संमती लागते. यात महिने जातात, अनेक सौदे अर्ध्यावर मोडतात. पण विकणारा मालकच असतो. घेणारा तपासनिसाला बरोबर घेऊन घरभर फिरतो, छत गळतं का, नळ चालतात का ते बघतो आणि शेवटी किल्ली मालकाकडूनच घेतो.

आपल्याकडचा लिलाव होतो २००२च्या सरफेसी कायद्याखाली. तिथे मालक विकत नाही. त्याच्या मनाविरुद्ध बँक विकते. याचा अमेरिकेतला भाऊबंद फोरक्लोजर. म्हणजे ज्यातून सुटण्यासाठी तिथले लोक शॉर्ट सेलची धडपड करतात, तीच गोष्ट हे गृहस्थ शॉर्ट सेल म्हणून खपवतात!

आणि आता ताबा. व्याख्यानात हा विषय ‘थोडाफार वेळ लागतो’ एवढ्यावर उरकला जातो, म्हणून मी इथे जरा मुक्काम करणार आहे.

लिलावाच्या जाहिरातीत ताब्याचा प्रकार छापलेला असतो. ‘सांकेतिक’ याचा अर्थ बँकेच्या अधिकाऱ्याने दारावर नोटीस चिकटवली, फोटो काढला आणि तो परत गेला. आत कर्जदाराचं कुटुंब पूर्वीसारखंच राहतं आहे. आता आपला गुंतवणूकदार काय करतो पाहा. बोली लागली की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी, इसारा धरून २५ टक्के रक्कम भरतो. विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत उरलेले ७५ टक्के. बँकेने लेखी मुदत वाढवून दिली तरी ती तीन महिन्यांपलीकडे जात नाही. पैसे जमले नाहीत तर भरलेली रक्कम जप्त. सर्वोच्च न्यायालयाने २०२४च्या फेब्रुवारीत पूर्ण २५ टक्क्यांची जप्ती योग्य ठरवली आहे. सांकेतिक ताब्यातल्या घरावर कर्ज द्यायला दुसरी बँक का कू करते, तेव्हा खरेदीदार ठेवी मोडतो, दागिने गहाण टाकतो, मेहुण्याकडे हात पसरतो. पैसे पूर्ण भरतो. विक्री प्रमाणपत्र मिळतं. घर मिळत नाही.

घरासाठी कलम १४. बँकेने जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. आदेश ३० दिवसांत, कारण नोंदवून फार तर ६० दिवसांत व्हावा असं कायदा म्हणतो. पण ही मुदत बंधनकारक नाही, ती उलटली तरी दंडाधिकाऱ्यांचे अधिकार संपत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये सांगितलं. बँकेच्या दृष्टीने चांगला निकाल. पैसे अडकवून बसलेल्याला मात्र कॅलेंडर हाती धरून भांडायची सोय उरली नाही. आदेश झाला की तहसीलदार किंवा कमिशनर, मग पोलीस बंदोबस्त. बंदोबस्त मागावा तर कधी गणपती असतात, कधी निवडणूक. एवढ्यात कर्जदार कलम १७ खाली कर्जवसुली न्यायाधिकरणात गेलेला असतो. तिथे नोटिशीत किंवा मूल्यांकनात खोट निघाली तर लिलावच रद्द होऊ शकतो. आणि ऐन वेळी आतून एक भाडेकरू प्रकट होतो. तो खोटा असेल तर सिद्ध करत बसा. खरा, भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण असलेला निघाला, तर सरफेसीच्या जोरावर त्याला काढता येत नाही, असं २०१६चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगतो. मुंबईतल्या जुन्या चाळीत आणि पागडीच्या घरांत याचा अर्थ काय होतो हे मुंबईकराला समजावून सांगायला नको. पुण्यातल्या सभागृहात टाळ्या वाजवणाऱ्यांना बहुधा सांगावं लागेल.

या सगळ्या काळात अडकलेल्या पैशांवरचं व्याज त्या तीस टक्क्यांतून वजा करा. ज्या फ्लॅटचा प्रत्यक्ष ताबा बँकेकडे आहे त्याचं काय, असं कोणी विचारेल. तो घ्यावा. पण त्यावर बोली लावणारेही पुष्कळ असतात, आणि मग तो तीस टक्के खाली जात नाही.

‘कागदपत्रं चोख’ हा तर विनोदच. जाहिरातीतच ‘जे आहे जेथे आहे, जे आहे जसे आहे’ असं छापलेलं असतं. सोसायटीची थकबाकी, घरपट्टी सगळं घेणाऱ्याच्या माथी. आधीच्या मालकाची वीज थकबाकी नव्या मालकाकडे मागता येते, हेही २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयात स्पष्ट झालं.

‘कर्जदार मोकळा होतो’ हे साफ खोटं आहे. लिलावात कमी पैसे आले तर उरलेल्या कर्जासाठी बँक त्याच्या मागे लागू शकते. जास्त आले तर वरची रक्कम त्याची. म्हणजे तुम्ही जितकं स्वस्त घ्याल तितकं ते त्याच्याच खिशातून जातं. ज्या शॉर्ट सेलचा दाखला दिला जातो त्यात कॅलिफोर्नियाने २०११मध्ये कायदा करून, बँकेने मान्य केलेल्या अशा विक्रीनंतर राहत्या घराच्या मालकाकडे फरक मागायला मनाई केली.

असले प्रचारक मला नवे नाहीत. ‘जागेचा भाव कधी पडत नाही’ म्हणून दुसरा, तिसरा फ्लॅट कर्जावर घ्यायला लावणाऱ्यांशी मी पूर्वी भरपूर वाद घातला आहे. लास व्हेगासमध्ये २००६ नंतरच्या काही वर्षांत भाव निम्म्याहून खाली आले, हे सांगितलं की उत्तर ठरलेलं : ते अमेरिकेत, आपल्याकडे नाही. आता तीच मंडळी अमेरिकेचा दाखला देतात! खरं तर इथेच फरक सांगायला हवा होता. तिथे २००८पूर्वी घराच्या जवळजवळ पूर्ण किमतीइतकी कर्जं वाटली गेली, म्हणून भाव पडताच कर्ज घरापेक्षा मोठं झालं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ७५ लाखांवरच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. ३० लाखांपर्यंतच्या कर्जातही ९०च्या वर नाही. आपला कर्जदार अडचणीत येतो तेव्हा बहुधा घराची किंमत कर्जाहून जास्तच असते. मग त्याने लिलावाची वाट का पाहावी?

मी सुचवतो तो मार्ग इथूनच निघतो, आणि त्यात चमकदार काही नाही. बँकेची ६० दिवसांची मागणी नोटीस, म्हणजे कलम १३(२)ची, आल्यानंतर कर्जदाराला घर परस्पर विकता येत नाही. पण कलम १३(१३) प्रमाणे बँकेच्या लेखी पूर्वसंमतीने विकता येतं. शॉर्ट सेलचा आपल्याकडचा खरा नातेवाईक हा. अशा मालकाला गाठा. येणं किती, ते किती तारखेपर्यंत चालेल आणि भरल्यावर मूळ कागद किती दिवसांत मिळतील, हे बँकेकडून लेखी घ्या. कर्जापुरते पैसे थेट कर्जखात्यात, उरलेले मालकाला, घर रिकामं झाल्यावर. तीस टक्के सुटणार नाहीत. घाईचा सौदा म्हणून थोडे सुटतील. बँकांतले अधिकारी असल्या प्रस्तावांना कंटाळतात, खेटे घालावे लागतात. पण घर आतून पाहता येतं आणि विकणारा स्वतः सही करून बाहेर पडतो.

एक मात्र पाळा. बँकेचं संमतिपत्र हातात पडेपर्यंत मालकाला इसाऱ्याचा एक रुपयाही देऊ नका, तो कितीही अडलेला असला तरी.