काट्यावरची पावती आणि बैलाचा खांदा

गाळपाच्या दिवसांत कारखान्याच्या गाडीअड्ड्यावर बैलांची जुवं उतरतात, तेव्हा एकदा जवळून बघावं. खांद्याची कातडी जाड होऊन सुजलेली, काहींची फुटून ओली झालेली. गाडीवान तिच्यावर हळद-तेल थापतो आणि पुढच्या खेपेला जू पुन्हा तिथंच बसतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला तूप-हळद चोळतात ते हेच खांदे.

टायरगाडीत दोन-तीन टन ऊस सर्रास भरला जातो. चढावर बैल गुडघे टेकतो, शेपटी पिरगाळली जाते, पराणी टोचली जाते. येणारे-जाणारे मोबाइलवर व्हिडिओ काढतात, गाडीवानाला शिव्या घालतात. त्यांचा राग खरा आहे, पण चुकीच्या माणसावर निघतो. गाडीवान मुकादमाकडून उचल घेऊन आलेला असतो. पुष्कळदा बैलजोडीही त्या उचलीतूनच घेतलेली. पैसे टनावर मिळतात. बैल बसला तर त्याचा अख्खा हंगाम बसतो, हे त्याच्याइतकं कुणाला कळतं? तरी तोच जादा भरतो, कारण उचल फेडायची असते.

कायदा आहे. ओढकामाच्या जनावरांसाठी 1965 चे नियम आहेत: ओझ्याला मर्यादा, दिवसाला 9 तासांपेक्षा जास्त काम नाही, पारा 37 अंशांवर असेल तर दुपारी 12 ते 3 जुंपायचं नाही, टोकदार काठी वापरायची नाही. पण 1960 च्या मूळ कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये! शिवाय रानातल्या वाटेवर गाडी अडवणार कोण?

अडवायची गरजच नाही. प्रत्येक गाडी कारखान्याच्या वजनकाट्यावर भरलेली आणि रिकामी अशी दोनदा चढते, पावती निघते. कुठल्या जोडीनं किती ओढलं, याची किलोपर्यंतची नोंद कारखान्याच्याच दफ्तरात असते. मग जबाबदारीही तिथंच हवी. साखर आयुक्तालयानं गाळप परवान्यातच अट घालावी: मर्यादेपेक्षा जड गाडी काट्यावर आली तर दंड कारखान्याला, अड्ड्यावर सावली, पाणी आणि पशुवैद्य. ओझं घटल्यानं गाडीवानाची मिळकत घटेल, तेवढा वाहतुकीचा दर कारखान्यानं वाढवून द्यावा. सांगली जिल्ह्यातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी 2022 मध्ये जुवाखाली टेकूचं चाक बसवून खांद्यावरचा भार हलका करून दाखवला होता. असं चाक गाडीवानानं पदरमोड करून का घ्यावं? ऊस ज्याच्या गव्हाणीत पडतो, त्यानंच ते बसवून द्यावं, पुढच्या हंगामाची मोळी पडायच्या आत.