वाढलेली एंझाइमे आणि यकृताचे आरोग्य

 बनारस हिंदू विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ मधुसूदन कानुंगो यांच्या प्रयोगशाळेने १९६८ साली वेगवेगळ्या वयांच्या उंदरांच्या यकृतासह अनेक अवयवांतील लॅक्टेट डीहायड्रोजनेज या एंझाइमातले बदल मांडले आणि १९७५ मध्ये कानुंगो यांनी वार्धक्याचे मूळ जनुकांच्या नियंत्रणात शोधले. एंझाइम किती, याबरोबरच ते घडवण्याचा आदेश कशामुळे सुटतो, हा या मांडणीतला प्रश्न यकृताच्या चर्चेत आज फारसा विचारला जात नाही.

यकृताच्या पेशी मद्य व औषधांचे रूपांतर करीत असताना ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइडसारखी अतिक्रियाशील रूपे बनतात. त्यांचा निचरा अपुरा पडला, की त्या अवस्थेस ऑक्सिडीकारक ताण म्हणतात. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज हे एंझाइम सुपरऑक्साइडचे हायड्रोजन पेरॉक्साइड करते, तर कॅटलेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज त्याचे विघटन करतात. अशा संरक्षक जनुकांपैकी अनेकांना एनआरएफ-२ हे प्रथिन चालना देते. एरवी कीप-१ हे दुसरे प्रथिन त्याला धरून नाशाच्या वाटेला लावते, पण ताण आला की कीप-१ मधील सिस्टीन या गंधकयुक्त घटकांत बदल होतो, नाश थांबतो आणि साचलेले एनआरएफ-२ पेशीकेंद्रकात शिरते.

म्हणून ही संरक्षक एंझाइमे वाढली म्हणजे यकृत सुधारले, हा निष्कर्ष घातक आहे. ती वाढ बहुधा संकटाचीच नोंद असते. शिवाय ती पुरेशी ठरतेच असे नाही. पॅरासिटामॉलचा अतिरेक झाल्यावर त्यापासून बनणारा विषारी घटक आधी पेशीतील ग्लुटाथायोन या संरक्षक रेणूशी जोडला जाऊन निष्प्रभ होतो, परंतु ग्लुटाथायोनचा साठा आटताच तोच घटक मायटोकाँड्रिया या ऊर्जाकेंद्रांतील प्रथिनांना चिकटतो आणि पेशी मरू लागतात. म्हणूनच रुग्णाला एन-ॲसिटिल सिस्टीन वेळेत देऊन तो साठा भरून काढावा लागतो. काही यकृतकर्करोगांत तर कीप-१ व एनआरएफ-२ यांच्या याच यंत्रणेच्या जनुकांत बिघाड होऊन ती कायम चालू राहते आणि अर्बुदालाच तगवते.

बाहेरून प्रतिऑक्सिडीकारक घेतल्याने हा आदेश बळकट होतो, असेही नाही. मिखाएल रिस्टो व सहकाऱ्यांच्या २००९ मधील प्रयोगात रोज १,००० मिलीग्रॅम क आणि ४०० युनिट ई जीवनसत्त्व घेणाऱ्या तरुणांत व्यायामाने होणारी या जनुकांची वाढच रोखली गेली. तो प्रयोग स्नायूंवर होता, तरी इशारा यकृतालाही लागू पडावा. त्यामुळे यकृतरक्षक म्हणून विकल्या जाणाऱ्या काढ्याच्या वेष्टनावर एंझाइमे वाढवण्याचा दावा छापणाऱ्याने मात्रा कोणती, मोजणी किती तासांनी झाली, आणि मोजला तो जनुकाचा आरएनए की एंझाइमची प्रत्यक्ष क्रिया, हेही छापले पाहिजे.