‘हर्ट’ झालं म्हणजे नेमकं काय झालं?

इंग्रजीशी माझं वैर नाही. बँकेत तिच्याच जिवावर माझं पोट भरतं. पण पोरं धडपडली की आपण त्यांना ज्या इंग्रजीत रडायला लावतो, तिच्याविरुद्ध मात्र माझी लेखी तक्रार आहे.

मराठी मूल पडतं ते तपशीलवार पडतं. गुडघा घासला तर खरचटतं, जास्त घासला तर सालपट निघतं. दगड आडवा आला तर ठेच लागते. डोकं आपटलं तर टेंगूळ येतं, फुटलं तर खोक पडते. मांजरानं काढला तो बोचकारा. वरून काही दिसत नाही, पण आतून ठणकतंय, तो मुका मार!

आता आमच्या जिन्यात ऐकू येतं, ‘मम्मी, हर्ट झालं!’ काय झालं? हर्ट. म्हणजे कसं? हर्ट! बँकेत एखादी रक्कम कुठल्या खात्याची ते कळेना, की आम्ही ती सस्पेन्स अकाउंटला टाकतो. पण पुढे ती शोधून योग्य खात्यात घालावी लागते हो! इथे पोराची सगळी दुखणी कायमची सस्पेन्समध्ये.

यात साहेबाचा दोष नाही. त्याचंही पोर पडतं आणि त्याच्यापाशी स्क्रॅच, कट, ब्रूझ, बम्प असे शब्द आहेत. खरचटलं तर इंग्लंडात ‘ग्रेझ’, अमेरिकेत बहुधा ‘स्क्रेप’. अमेरिकेत टेंगळाला ‘गूस एग’, म्हणजे हंसिणीचं अंडं म्हणतात आणि आपल्या बाऊला ‘बू-बू’. एवढ्या भरल्या दुकानातून आपण काय आणलं, तर एक ‘हर्ट’!

बाकीचे शब्द शाळेच्या डायरीतून येतात. ‘ग्रेझ’ आला की बाप डिक्शनरी उघडतो आणि तिथे सापडतं ‘चरणे’. मुलगा काय गुडघ्यावर चरत होता? इंग्लंडात ‘प्लास्टर’ म्हणजे साधी चिकटपट्टी. अर्ल डिक्सन नावाच्या अमेरिकन माणसानं बायकोची बोटं स्वयंपाकात सारखी कापायची म्हणून १९२० साली बँड-एड केली, त्यातलीच. आपल्याकडे ‘प्लास्टर लावलं’ म्हटलं की हाड मोडलं म्हणून आजी देव पाण्यात घालून बसते.

हसण्यावारी नेऊ नका. टेंगळावर थंड पट्टी ठेवायची. खोकेला टाके लागतील का, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं, ते बघायचं. डोक्याला मुका मार असेल तर पोर पेंगतंय का, ओकतंय का, यावर डोळा ठेवायचा. उपाय तीन आणि पोराजवळ शब्द एक! त्यात काही शाळांत मैदानावरही इंग्रजीच बोलायची सक्ती. म्हणजे पोरानं आधी भाषांतर करायचं, मग रडायचं.

माझं मागणं साधं आहे. इंग्रजी शिकवायची तर पुरती शिकवा, ब्रूझपासून बम्पपर्यंत. ती येईपर्यंत शिक्षणाचं माध्यम कुठलंही ठेवा, रडण्याचं माध्यम मराठीच असू द्या. पोर पडलं की आपल्या आया म्हणायच्या, ‘ती बघ, मुंगी मेली!’ आणि पोर रडं विसरून मुंगी शोधायला लागायचं. हेच इंग्रजीत सांगून पाहा. पोर गुडघा विसरेल आणि मुंगीसाठी गळा काढेल.